एकच शेत पुरात जाते आणि दुष्काळातही: लाल माळ आणि नाल्याकाठच्या भाताबद्दल

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका तरुण शेतकऱ्याने मला विचारले: "मामा, आमची पावणेतीन एकर जमीन. दीड एकर लाल माळ, उताराचा. त्यात रताळी, भुईमूग, थोडा नाचणा. सव्वा एकर खाली नाल्याकाठी, त्यात भात आणि मागून मसूर. २०१९ च्या ऑगस्टात भात आठ दिवस पाण्याखाली राहिले, कुजून गेले. २०२३ ला त्याच तुकड्याला भेगा पडल्या, दाणा भरलाच नाही. परवा एका शिबिरात 'निसर्गाधारित उपाय' करा म्हणून सांगितले. झाडे लावा, रासायनिक सोडा, एवढेच डोक्यात राहिले. याने खरेच काही होते का? आणि माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची?"

होते. पण झाडे लावण्यापासून सुरुवात करू नका. अठ्ठावीस वर्षे मी खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत माती-पाण्याच्या कामात आहे, घरची शेतीही करतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

तुम्ही २०१९ आणि २०२३ ही दोन संकटे म्हणून सांगितलीत. मला त्यात एकच दुखणे दिसते. तुमच्या माळावर पडलेला पाऊस माळावर थांबत नाही. थांबत नाही म्हणून तो तासाभरात नाल्यात उतरतो आणि तुमच्याच भातात घुसतो. आणि जुलैत तो मुरला नाही, म्हणून ऑगस्टात उघडीप पडली की माळाच्या कुशीतून खालच्या भाताला जो पाझर मिळायला हवा तो मिळत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी माळाच्या पायथ्याला दिवाळीपर्यंत झरे वाहत. त्या पाझरावरच खालची मसूर आणि वाटाणा पिकत असे.

हिशेब करून बघा. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटरचा एक दिवस, जो आपल्याकडे जुलैत नवा नाही, म्हणजे एकरी चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर एका दिवसात तुमच्या एका एकरावर रिकामे होतात. तुमच्या दीड एकर माळाचे साठ. त्यातले किती मुरले आणि किती पळाले, यावर पुढचे सगळे ठरते.

आणि पाऊस आता असाच पडणार आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांमुळे मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे शास्त्रज्ञांनी नोंदींवरून दाखवले आहे. त्याच वेळी मधल्या उघडिपी लांबतात. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या वर्षी कर्नाटकात २०० हून अधिक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. म्हणजे जोराचाही पाऊस झेलायचा आणि मधली उघडीपही काढायची, अशी जमीन तयार करणे हे आपले काम.

निसर्गाधारित उपाय या शब्दाचा बाऊ करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये त्याची व्याख्या ठरवली. माती, पाणी, झाडे, ओढे यांची व्यवस्था जपायची, बिघडली असेल तर सुधारायची, आणि तसे करताना माणसाची अडचणही सुटली पाहिजे व जीवसृष्टीचेही भले झाले पाहिजे, असा तिचा मतलब आहे. दोन्ही गोष्टी एकदम व्हायला हव्यात, ही अट महत्त्वाची. म्हणूनच गावाच्या गायरानावर निलगिरीची किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीची सरसकट लागवड केली तर मी तिला या यादीत धरत नाही. आपल्या भागात अशी रोपवने डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्याखाली गवत नीट उगवत नाही, म्हैस तिकडे फिरकत नाही, आणि पावसात तिथून येणारे पाणी मातीने लाल झालेलेच असते.

पहिली गोष्ट: डबा, पाणी आणि घड्याळ

खानापूर तालुक्यातल्या एका आक्कांच्या शेतावर आम्ही एक चाचणी केली होती, तीच तुम्हाला करायला सांगतो. सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्यायचा, दोन्ही बाजूंनी कापायचा, म्हणजे नुसते कडे उरते. ते जमिनीत दोन-तीन इंच ठोकायचे. आत साडेचारशे मिलिलिटर पाणी हळूच ओतायचे. एवढ्या कड्यात तेवढे पाणी म्हणजे बरोबर एक इंच पाऊस. ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचे. पहिले पाणी नुसती माती भिजवते, म्हणून पुन्हा तेवढेच ओतायचे आणि दुसऱ्या वेळची नोंद धरायची.

आक्कांच्या रताळ्याच्या उघड्या रानात दुसरे पाणी पंचवीस मिनिटे झाली तरी कड्यात दिसत होते. वर साय धरल्यासारखा मातीचा पापुद्रा आला होता. मग तेच कडे आम्ही पंधरा पावलांवर, फणसाखाली बांधाच्या कडेला ठोकले. तिथे पाला कुजलेला, गवताची मुळे, गांडुळांची बिळे. दुसरे पाणी दोन मिनिटांच्या आत गेले. माती तीच, माळ तोच, पाऊसही तोच. आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी डबा उचलला, शेजारच्या वावरात नेला आणि तिथे स्वतः ठोकला. त्या दिवसापासून त्यांच्याशी मला वेगळे काही बोलावे लागले नाही.

यात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण भाषणांत फार फुगवून सांगतात. सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला की जमीन लाखो लिटर पाणी साठवते, असे तुम्ही ऐकले असेल. जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर एक टक्का कर्ब वाढल्याने दहा सेंटिमीटर थरात पिकाला मिळणारे पाणी सरासरी एखादाच मिलिमीटर वाढते. म्हणजे फुटभर थरात तीन-साडेतीन मिलिमीटर. शिवाय कर्ब एक टक्क्याने वाढवायला वर्षानुवर्षे लागतात. खरा फायदा दुसरीकडे आहे. सेंद्रिय पदार्थाने मातीचे कण रवाळ होतात, वर पापुद्रा धरत नाही, मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटा उघड्या राहतात, आणि पाणी खाली उतरते. साठा खालच्या थरांत आणि झऱ्यांत होतो. वरची माती दार आहे, ते उघडे राहिले पाहिजे.

हे दार बंद कधी होते? आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळिवात. नवरात्राच्या सुमारास रताळी काढली, वेल जनावरांना घातले, आणि तेव्हापासून जूनपर्यंत माळ उघडा. मग वळिवाचे टपोरे थेंब त्या नांगरून भुसभुशीत केलेल्या मातीवर बसतात. वर्षातले सर्वांत लाल पाणी त्याच सरींत जाते, हे तुम्ही नाल्यावर उभे राहून पाहिले असेल. म्हणून रताळी निघाली की ओल असेपर्यंत हुलगा किंवा ताग टाका. पीक आले तर आले, नाही आले तरी जमिनीवर काहीतरी राहील. भुईमुगाचा आणि नाचण्याचा काडीकचरा पेटवू नका. वळिवाआधी नांगरट करायचीच असेल तर उताराला आडवी करा.

माळावर बांध, पण सांडवा आधी

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती एका शेजाऱ्याला फार महाग पडली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी माळावर सम पातळीत चर आणि बांध घालून घेतले. पाण्याचा थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा माझा हट्ट होता. सांडवा, म्हणजे जादा पाण्याला बाहेर जायची वाट, ठेवला नाही. काही वर्षे चांगली गेली, विहिरीचे पाणीही वाढले. २०१९ च्या ऑगस्टात वरचा बांध रात्री फुटला, त्याने खालचा फोडला, आणि तो लोंढा खालच्या शेतकऱ्याच्या आल्याच्या वाफ्यांवरून गेला. आले आणि माती दोन्ही गेले. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला, दोष दिला नाही. ते मला आजही विसरता येत नाही.

चूक काय होती ते नीट समजून घ्या. आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत एक जिल्हा नाहीच. अथणीकडे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, बेळगाव शहरात त्याच्या दुप्पट किंवा जास्त, आणि मलप्रभा जिथे उगवते त्या कणकुंबीकडे त्याच्याही कितीतरी पटींनी. अथणी, चिकोडीच्या पूर्वेकडे सम पातळीतला बंदिस्त बांध बरोबर आहे, तिथे पडलेला थेंब अडवायचाच. आपल्या पश्चिम भागात बांधाला किंचित ढाळ हवा. जादा पाणी चालत्या माणसाच्या वेगाने बाजूच्या गवताळ ओघळीत गेले पाहिजे. शंभर फुटांना साधारण साडेतीन इंच एवढाच ढाळ.

एवढा बारीक ढाळ डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी दोन बांबूंची चौकट करा. सात-सात फुटी दोन बांबू वरच्या टोकाला बांधा, खालचे पाय बरोबर दोन मीटर फाकवा, कमरेच्या उंचीला आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला दगड लावा, झाला ओळंबा. चौकट जमिनीवर उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका, आणि दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे कोळशाने खूण करा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा, पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या मधोमध जी जागा येते ती सम पातळीची खूण. आता एका पायाखाली सहा मिलिमीटर जाडीची पट्टी बांधा. तो पाय पाणी जिकडे न्यायचे त्या बाजूला ठेवून, उताराला आडवे चालत जा. पुढचा पाय वर-खाली सरकवायचा, दोरी मधल्या खुणेवर स्थिर झाली की खुंटी ठोकायची. दीड एकराचे काम दोन माणसांना एका सकाळचे. ही रेघ अचूक आली की निम्मे काम झाले.

रेघेवर मातीचा मोठा बांध घालायलाच पाहिजे असे नाही. मी आता बहुतेक ठिकाणी वाळा लावायला सांगतो. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की वाळ्याचे फुटवे चार-पाच इंचांवर एका ओळीत लावायचे. मूळ सरळ खाली जाते, दोन-तीन मीटरही, त्यामुळे शेजारच्या पिकाशी फारसे भांडत नाही. दुसऱ्या वर्षाअखेर ओळ दाट होते, माती तिच्यामागे अडकते आणि बांध आपोआप तयार होतो. म्हैसूरकडच्या गुंडलुपेट भागात शेतकरी कितीतरी काळापासून शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत, ही काही बाहेरून आणलेली युक्ती नाही. तुमच्या उतारावर साठ ते सत्तर फुटांवर एक, अशा तीन-चार ओळी बसतील. ओळीने दोन फूट जागा घेतली तरी जमीन तीन-साडेतीन टक्के जाते. ती जाऊ द्या.

मधल्या बांधावर चारा घ्या. हत्तीगवत चालेल. ज्या बांधावरून घरच्या बायकांना रोज भारा मिळतो तो बांध टिकतो, हा माझा सगळीकडचा अनुभव आहे. नुसते माती अडवण्यासाठी लावलेले गवत तिसऱ्या वर्षी कुणी ना कुणी नांगराखाली घालते.

ओघळीत, म्हणजे जिथे सगळ्या ओळींचे जादा पाणी येऊन मिळते तिथे, नांगर घालायचा नाही. हरळी येऊ द्या, उतरत्या जागी दगडांची पायरी रचा. आणि बांध घालायच्या आधी ही ओघळ तयार करा. मी नेमके हेच उलटे केले होते.

एक विनंती. माळाची माती वीटभट्टीला विकू नका. आपल्या भागात पैशांची नड आली की दोन फूट माती खरवडून देतात. ट्रॅक्टर भरून जाताना ती नुसती माती दिसते. त्यानंतर त्या जागी डबा ठोकून बघा. खालचा जांभा उघडा पडलेला असतो आणि पाणी कड्यात तसेच उभे राहते. मी सांगितलेला कुठलाही उपाय त्या जमिनीवर एका पिढीत चालत नाही.

आता झाडे

माळाला झाडे हवीतच, पण कुठली आणि कुठे ते बघून. काजू आणि फणस आपल्या लाल जमिनीत विशेष पाणी न मागता उभे राहतात. त्यांची ओळ वाळ्याच्या ओळीला धरून लावली तर पिकाची जागा मोडत नाही. बांधाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. मे-जूनमध्ये तीन-चार फुटी छाट रोवले की जगतात, दुसऱ्या वर्षापासून पाला तोडता येतो. पाल्यात नत्र भरपूर असते आणि तो चिखलात लवकर कुजतो. माळावर वाढवलेला हा पाला खाली भातात न्यायचा, असा तुमच्या दोन तुकड्यांचा धागा जुळेल.

शेजाऱ्याच्या हद्दीला लागून मोठे झाड लावू नका. सावलीवरून सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. आठ-दहा फूट आत घ्या, किंवा त्यांना विचारून हद्दीवर लावा आणि फळ वाटून घ्या. वन खात्याच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेत नर्सरीतून सवलतीत रोपे मिळतात आणि जगलेल्या रोपांमागे पहिली तीन वर्षे पैसे मिळतात. बांबूचा विचार करत असाल तर तोडायला आणि न्यायला परवाना लागतो का, ते वन खात्यात आधी विचारून घ्या. अर्ज बहुतेक कन्नडमध्ये असतो. कन्नड वाचणाऱ्या घरातल्या मुलाला सोबत न्या, आणि जमिनीच्या कागदी उताऱ्यावरचे पीक व क्षेत्र तिथेच तपासून घ्या. आपल्या मराठी गावांत चांगल्या योजना पुष्कळदा एवढ्याशा कारणाने हुकतात, त्याचे मला फार वाईट वाटते.

जंगलाला लागून असाल तर गवे आणि डुकरे यांचा विचार आधी करा. भीमगडच्या बाजूच्या गावांत फणस लावायला मी सांगत नाही. पिकल्या फणसाचा वास हत्तीला लांबून येतो.

खालचा भात

भाताचे रान हाच मुळात निसर्गाधारित उपाय आहे, आणि तो आपल्या पूर्वजांनी केला. बांधाची उंची आठ इंच राखली तर एका एकरात आठ लाख लिटर पाणी उभे राहू शकते. हे पाणी नाल्यात एकदम न जाता हळूहळू जाते आणि खाली मुरते. म्हणून बांधांची डागडुजी मे महिन्यातच करा, खेकड्यांची बिळे बुजवा.

आपल्याकडची धूळवाफ पेरणी ही अवघड गोष्ट झाली आहे. मेअखेर कोरड्या धुळीत कुरीने पेरायचे आणि जूनच्या पावसाने उगवून आणायचे, हे गणित पावसाची वेळ सांभाळली तरच जुळते. २०२३ मध्ये मान्सून केरळातच ८ जूनला पोचला. ज्यांनी सगळे रान धूळवाफेवर टाकले होते त्यांचे बी वळिवाने अर्धवट उगवले आणि नंतर वाळले, दुबार पेरणी आली. मी धूळवाफ सोडा म्हणत नाही, मजुरी परवडत नाही हे मला कळते. पण सव्वा एकरातले निम्मे धूळवाफ करा आणि निम्म्यासाठी तरवा, म्हणजे लावणीची रोपे, टाका. तरवाही एकदम टाकू नका, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा टाका. एक गेला तर दुसरा हाताशी राहतो.

धूळवाफेच्या रानात आधी ताग घेऊन गाडायला वेळ मिळत नाही. त्यावर तोड आहे. भाताच्या दोन ओळींत धैंचा पेरायचा आणि साधारण महिन्याने कोळप्याने तिथेच दाबायचा. तण दबते, खतही होते. रोप लागवडीच्या निम्म्या रानात मात्र चिखलणीआधी दहा-पंधरा दिवस गिरिपुष्पाचा पाला टाका.

वाणांबद्दल माझे मत ठाम आहे: एका शिवारात एकच वाण नको. सगळीकडे इंद्रायणी झाली आहे, कारण भाव मिळतो. पण नाल्याच्या अगदी कडेच्या वाफ्यात इंटाणसारखे उंच, उशिराचे भात ठेवा, ते पाण्याच्या वर मान काढते. वरच्या वाफ्यात लवकर येणारे घ्या. बासमतीचे बी कुणाकडे असेल तर एक-दोन गुंठे का होईना लावून बी राखा. पाण्याखाली दोन आठवडे तग धरणारे जे भाताचे वाण आज पूरग्रस्त भागांत दिले जातात, त्यांच्यातला तो गुण ओडिशातल्या एका जुन्या गावठी भातातून आलेला आहे. कुणीतरी ते बी राखले म्हणून ते सापडले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे मुगद येथे भात संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन आपल्या उंचीला आणि पावसाला कुठले वाण बसते ते विचारा.

भात कापला की मसुरीला उशीर करू नका. धसकटे ठेवून, खोल नांगरट न करता, ओल आहे तोवर पेरा. नांगरट केली की ती ओल दोन दिवसांत उडून जाते. २०२३ मध्ये ज्यांच्या वरच्या माळावर काहीतरी अडवलेले होते, त्यांच्या मसुरीला फूल धरले. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

नाला

तुमच्या एकट्याच्या हातात जे नाही ते इथे सुरू होते. नाल्याच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा फूट जागा सोडून वाळुंज, करंज, उंबर, निर्गुडी, केतकी लावली तर काठ धरून राहतो. झाडे काठावर लावायची, पात्रात नाही. नाला साफ करायला जेसीबी आणतात तेव्हा तो सरळ आणि खोल करून टाकतात, दोन्ही काठांवरची झुडपे उपटतात. दिसायला स्वच्छ दिसते. त्या वर्षी पाणी तुमच्या शिवारातून लवकर जाते आणि खालच्या गावाला दुप्पट जोराने लागते, आणि दोन पावसाळ्यांत काठ ढासळून पात्र पुन्हा भरते. गाळ जरूर काढा, पण वळणे ठेवा आणि काठाला हात लावू नका. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवू नका, माळावर टाका. तो तुमच्याच माळाचा आहे.

येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारातल्या शेतकऱ्यांना मात्र मी हे सगळे सांगून समाधान देणार नाही. बळ्ळारी नाल्यात बेळगाव शहराच्या सिमेंटवरून येणारे पाणी, जलपर्णी, प्लास्टिक आणि वर आलेले पात्र, यांवर शेतकऱ्याच्या बांधावरचा वाळा पुरणार नाही. तिथे पात्र मोकळे करणे आणि शहराचे पाणी शहरातच काही काळ थांबवणे हेच लागते, आणि त्यासाठी सगळ्या शिवाराने मिळून सतत मागणी लावून धरावी लागते. उत्तम काळ्या जमिनीतले बासमती पिकवणारे ते शिवार दरवर्षी बुडताना बघवत नाही.

ऊसवाल्यांसाठी थोडक्यात. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे अजून पाला पेटवतात. एकरी तीन-चार टन पाचट असते. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो कुजवणारे जिवाणू टाका. खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला, पाणी कमी लागते. फक्त पाणी साचणाऱ्या चोपण रानात हे करू नका, तिथे आधी चर काढा.

पैसा आणि क्रम

रासायनिक खत एका हंगामात बंद करू नका. ज्यांनी केले त्यांचे उत्पन्न पडले आणि ते दोन वर्षांत सगळेच सोडून बसले. माती रवाळ होत गेली, धैंचा आणि गिरिपुष्प रुजले की युरिया थोडा थोडा कमी करा. पहिली दोन वर्षे खर्चापेक्षा फार काही हाती लागणार नाही, फक्त पाणी कमी लाल दिसेल. तिसऱ्या वर्षापासून फरक जाणवतो.

पहिल्या वर्षी एवढेच करा: ओघळ, चौकटीने आखलेल्या रेघा, एक ओळ वाळा, बांधाला गिरिपुष्प, खाली निम्मा तरवा. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ओळी आणि फळझाडे. बांधबंदिस्तीचे काम ग्राम पंचायतीच्या रोजगाराच्या कामांत बसवता येते. त्यासाठी ग्रामसभेत नाव घातले गेले पाहिजे, म्हणून ग्रामसभा चुकवू नका. वरच्या माळाचे मालक वेगळे असतील तर त्यांच्याशी आधी बोला. त्यांचे पाणी तुमच्या रेघेत आले तर ती पहिल्याच वर्षी फुटेल.

हे सगळे करूनही २०१९ सारखा आठवडा आला तर नाल्याकाठचा भात बुडेल. नदीच फुगलेली असते तेव्हा माळाचे पाणी अडवून पूर थांबत नाही. पण पाणी आठ दिवसांऐवजी चार दिवसांत उतरले तर इंटाण उभे राहते, आणि वरची माती जागेवर असते. त्यासाठी पीक विमा भरत चला आणि नुकसान झाले की वेळेत कळवा.

येत्या मृगात एक काम करा. पहिला जोराचा पाऊस सुरू झाला की घरात थांबू नका. खोळ घ्या आणि माळाच्या डोक्यावर जाऊन उभे राहा. पाणी कुठे गढूळ होते, कुठे एकत्र येते, कुठल्या जागी ओघळ धरायला लागते, ते पाहत पाहत खाली नाल्यापर्यंत चालत या, आणि जिथे जिथे पाण्याचा रंग बदलला तिथे एकेक काठी रोवून ठेवा. उन्हे पडली की मला बोलवा, त्या काठ्यांवरूनच आपण रेघा आखू.